ढगातला हौसेराव

४ ऑगस्ट, मंगळवार

आजपासून माझा कॉम्प्युटर ढगात! घरातला डबा ही नुसती खिडकी — खरं यंत्र कुठेतरी लांब. ऐरोलीच्या ऑफिसातले आम्ही चाळीसही जण असेच वर गेलो. पहाटे पाचला जाग येतेच, लॉगिन करून टाकलं. दिपेश — तिथला कॉम्प्युटरवाला — म्हणाला, सर, सगळ्यांत आधी तुम्हीच. चौथीत कविता म्हणायला पहिला हात माझाच असायचा.

५ ऑगस्ट

ढगालाही फाटक आहे. साइट मागितली की फिल्टर नावाचं सॉफ्टवेअर आधी तिचं नाव बघतं, मगच सोडतं किंवा अडवतं. शिवाय वहीत लिहून ठेवतं. आमच्या शाळेचा शिपाई असाच उभा असे. मी जुन्या क्रमिक पुस्तकांतल्या कवितांची साइट मागितली. अडवली! कारण — 'करमणूक'. बरोबर आहे. ग्राहकांच्या पत्रांतलं मराठी सुधारणं हे माझं काम, त्यात करमणूक कुठली.

१० ऑगस्ट, सोमवार

राजश्री मॅडमनी — आमच्या मॅनेजर — मीटिंगला बोलावलं. फिल्टरची आठवड्याची यादी. सगळी माझ्या नावावर! लेहंगे, शेअर बाजार, क्रिकेटचा सट्टा, टक्कल, प्रसूतिगृहं, पाळणे. मॅडम वाचत होत्या, मी मनात भुजंगप्रयातात म्हणून पाहत होतो. सट्ट्यापाशी लय अडखळली. एकाहत्तराव्या वर्षी इतकं भरगच्च आयुष्य! खुलासा उद्या द्यायचा.

संध्याकाळी ऑफिसातल्या मैत्रीचा फोन. पत्रांचे मसुदे तीच लिहिते. रडत होती. प्रसूतिगृहं आणि पाळणे तिचे — तुमच्या नावावर कसे गेले कळत नाही, म्हणाली. तिसरा महिना आहे. शुक्रवारी नोकरी कायम व्हायची. गेल्या वर्षी एकीला दिवस गेल्याचं ऑफिसात कळलं, तर तिला 'नंतर बघू' म्हणून घरी बसवलं.

"सर, तुम्ही नाही म्हणालात की शोध घेतील. मी सापडेन."

११ ऑगस्ट

एक नाकारलं तर बाकीचं उकरणार. म्हणून सगळंच कबूल केलं. सट्टा? मीच. लेहंगा? मीच. पाळणे? "बघायला बरे वाटतात."

मॅडमनी चष्मा काढला. "सर, घरी सगळं ठीक आहे ना?"

गुरुवारपासून माझं नाव फाटकावर बंद. नोकरी गेली.

१२ ऑगस्ट

गॅलरीतून दिवाळे कोळीवाड्याच्या होड्या पाहिल्या. यमक जुळेना.

१३ ऑगस्ट, गुरुवार

दिपेशचा फोन. माझं नाव अडवलं आणि चाळीसही जण अडले! एका नमुना-डेस्कटॉपात फिल्टर बसवला, मग त्याच्या चाळीस प्रती काढल्या — म्हणून फाटकाला सगळे एकच माणूस. पहिलं लॉगिन माझं, म्हणून तो माणूस मी.

"आता कुणाचं काय ते ब्रह्मदेवालाही वेगळं करता येणार नाही, सर. नाव सोडतोय तुमचं. मॅडमनी सांगितलंय, उद्या ऑफिसला कामावर या."

१४ ऑगस्ट, शुक्रवार

मैत्री कायम झाली. यंत्रं अजून रुसलेलीच, त्यामुळे कायम केल्याचं पत्र हाताने लिहिलेलं — दोन चुका होत्या, सुधारल्या.

दुपारी राजश्री मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. "सर, यादीत कॅनडातल्या नोकऱ्याही होत्या. त्या दिवशी मी वाचल्या नाहीत." दाराकडे एकदा पाहिलं. "त्याही तुम्हीच बघत होतात ना?"

मीच, म्हटलं.