बेल वाजवून पळणाऱ्यांचा बंदोबस्त

३ मार्च
सकाळी अंघोळीला बसलो आणि दाराची बेल वाजायला लागली. थांबेचना. ही भाजी आणायला गेलेली. अंगाचा साबण तसाच, टॉवेलवर बाहेर आलो. बटणात च्युइंगगम कोंबलेलं आणि पोरांची टोळी खिदळत जिन्यातून खाली. सगळ्यांत पुढे दुसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याचा दहा वर्षांचा मुलगा, ज्याला बिल्डिंगभर भोवरा म्हणतात. वीस मिनिटं चिमट्याने च्युइंगगम उकरत बसलो.
अकरा वर्षं सेक्रेटरी आहे मी या बिल्डिंगचा. टोळीला नाक घासायला लावलं नाही तर नाव बदलीन.

५ मार्च
पेपरात लेख. अंधारे जिने, बसायला जागा नाही, खेळायला मैदान नाही, अशा परिसरात पोरं गुन्हेगारीकडे वळतात म्हणे. शब्दन् शब्द पटला. परिसराचाच बंदोबस्त करायला हवा. लगेच कामाला लागलो. पोरं बसतात तो जिन्याखालचा बाक काढवला. पोरं जमतात त्या वळणांवरचे दिवे काढले. मागच्या मैदानाला गेल्या वर्षीच कुलूप घातलं आहे, बॉलचा आवाज सहन होत नव्हता. आज दुसरं घातलं.

८ मार्च
आज बेल सहा वेळा. जिन्यात अंधार, कोण वाजवतं ते दिसतच नाही. तळमजल्यावरच्या नर्सबाई वर येऊन म्हणाल्या, भाऊ, संध्याकाळी दोन तास मैदान उघडा, पोरं तुमच्या दाराकडे ढुंकूनही बघणार नाहीत. मी म्हटलं, गुन्हेगारांपुढे मान तुकवणारा माणूस मी नव्हे. बाई हसल्या. सूड घ्यायच्या यादीत त्यांचंही नाव लिहून ठेवलं.

११ मार्च, दुपारी ४
मास्टर प्लॅन! बेलच्या बटणाला काळं बूटपॉलिश. उद्या फाटकात उभं राहून बोटं तपासणार. आता सुटतात कसे बघू.

१२ मार्च
चौदा पोरांची बोटं तपासली. स्वच्छ. भोवऱ्याने विचारलं, काका, फूटपट्टी पण तपासायची का?
काळी बोटं सापडली ती पेपरवाल्याची, चेअरमनसाहेबांची आणि हिची. साहेबांचा शर्ट पांढरा होता. ही तेच बोट गालाला लावून बहिणीकडे जाऊन आली. संध्याकाळपासून बोलणं बंद आहे. बरं झालं, विचार करायला शांतता हवीच होती.

१५ मार्च
चौकीत तक्रार दिली. हवालदार आला. वर येताना अंधारात दोनदा आपटला. दिवे कोणी काढले, विचारलं. म्हटलं, मीच, गुन्हे रोखायला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग वहीत बराच वेळ लिहिलं. नाव फक्त माझं लिहिलं. फिर्यादी म्हणून असणार.

१८ मार्च
परवा वार्षिक मीटिंग. माझा ठराव तयार आहे. मैदान कायमचं बंद, भिंत दोन फूट उंच, वर काचा. एकदा मंजूर झाला की बसा म्हणावं बोंबलत! बहुमत खिशात आहे. चेअरमनसाहेब जिन्यात दिसले, तोंड फिरवून गेले. मनातून माझ्याच बाजूचे आहेत.

२० मार्च
ठरावाच्या बाजूने एक मत. विरुद्ध तेवीस. तेविसावा हात हिचा.
मैदानाच्या दोन्ही किल्ल्या नर्सबाईंकडे. सेक्रेटरीपदही. माझ्यादेखत दिवे परत लावले. भोगतील आपल्या कर्माची फळं.

२५ मार्च
पाच दिवसांत बेल एकदाही वाजली नाही. नक्की काहीतरी मोठं शिजतंय. रोज पाच ते सात दाराआड स्टुलावर काठी घेऊन बसतो. कुणी येत नाही. मागून मैदानातला गलका ऐकू येतो, त्यात भोवऱ्याचा आवाज सगळ्यांत मोठा. बेल बिघडली असेल म्हणून स्वतः वाजवून पाहिली. चालू आहे. ही आतून ओरडली, कोण आहे? कुणी नाही म्हटलं.
घर खायला उठतं.

२७ मार्च, संध्याकाळी ६
सूड घेतला! नर्सबाईंची बेल दाबली आणि पळालो. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी! यात दोष माझा नाही, परिसराचा आहे. लेखात स्पष्ट लिहिलं होतं.
दुसऱ्या मजल्यावर दम लागला म्हणून कठड्याला टेकलो. पाणी प्यायला घरी आलेला भोवरा दारातच उभा. खालून बाईंचा आवाज आला, कोण आहे रे तिकडे? त्याने एकदा खाली बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि काय ते ओळखलं. कुणाला सांगणार नाही म्हणाला. पण काका, चपला हातात घेऊन पळायचं असतं, फार वाजतात.
उद्या अनवाणी.