आईची मुलाखत

प्रिय लवंगी,

आधी एक सांगते, घाबरू नकोस. आईचं पत्र आलं म्हणजे काहीतरी बिनसलं असं तुला वाटणार, तू लिफाफा उभ्या उभ्या फाडणार आणि पहिली ओळ सोडून शेवटची वाचणार. तसं करू नकोस. माझी तब्येत ठणठणीत आहे, रक्तदाब जागेवर आहे, घरही जागेवर आहे. जागेवर नाही ती फक्त मी. सोमवारपासून माझे पाय जमिनीला लागलेले नाहीत.

फोनवर का सांगितलं नाही म्हणशील. अगं, फोनवर मला वाव कुठे असतो? जेवलीस का, गोळी घेतलीस का, दाराला आतून कडी लावलीस का. मी हो, हो, हो म्हणते, आणि तोवर तुला कुणीतरी हाक मारतं. हल्ली त्यात चौथा प्रश्न आलाय, माझी खोली आवरलीस का. त्याच्याकडे नंतर येते. नमनालाच घडाभर तेल जाळत बसले, आता ऐक. मला नाट्यलेखनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला. मला. तुझ्या आईला. दोन वर्षं, पूर्ण वेळ, राहायला तिथलंच वसतिगृह. अर्ज शेकड्यांनी होते आणि जागा आठ. वाचून झालं असेल तर खुर्चीत बस, मी पुढचं सांगते.

बाबा गेल्यावर शनिवारची दुपार मला फार जड जायची, हे तुला कधी बोलले नाही. सकाळच्या ड्रायव्हिंगच्या शिकवण्या संपायच्या, संध्याकाळच्या सुरू व्हायला वेळ असायचा, आणि मधल्या वेळात घरी यावंसं वाटायचं नाही. गाडी ग्रंथालयाच्या बाजूला लावून मी आतच बसून राहायचे. एकदा उकाड्याला कंटाळून ग्रंथालयात शिरले तर वरच्या मजल्यावर लेखनाचा वर्ग चालू होता. शिकवणाऱ्या बाई म्हणजे रंगभूमीवर जन्म काढलेल्या, आता गुडघ्यांनी घरी बसवलेल्या नटी. आवाज असा की खालच्या मजल्यावर वर्तमानपत्र वाचणारी माणसं मान वर करून बघायची. मला दारात बघून म्हणाल्या, “आत या किंवा बाहेर जा, उंबऱ्यावर उभं राहून कुणाचं भलं झालेलं नाही.” मी आत गेले.

त्यांनी पहिलंच काम दिलं ते असं, की एकमेकांकडे न बघता बोलणारी दोन माणसं लिहा. सगळे पेन चावत बसले आणि मला हसू आलं. आयुष्यभर मी दुसरं काय ऐकलंय गं? शिकाऊ माणूस समोरच्या रस्त्यावर डोळे रोखून बसतो, मी त्याच्या हातापायांकडे बघते, आणि तोंडाकडे कुणी बघत नाही म्हटल्यावर माणूस जे बोलतो ते देवासमोरही बोलणार नाही. माझ्या गाडीत लोक रडलेत, नवऱ्याशी मनातल्या मनात भांडलेत. एकाने लाल दिव्याला थांबल्यावर सांगितलं की त्याचं लग्न मोडलं, आणि दिवा हिरवा झाला तरी क्लच सोडेना. मागे ही हॉर्नची बोंबाबोंब. मी म्हटलं, दादा, आधी चौक पार करू, मग रडू. हे सगळं इतकी वर्षं माझ्यात साचून होतं आणि मला वाटायचं, या नुसत्या गप्पा आहेत.

त्यातूनच नाटक झालं. साठीच्या एक बाई आहेत, नवरा वारलाय, त्याची गाडी दारात धूळ खात उभी आहे, आणि त्या ती चालवायला शिकतात. शेजारी शिकवणारी. अधूनमधून बाईंच्या मुलीचे फोन येतात. पूर्ण नाटक गाडीतच घडतं. आमच्या नटीबाईंनी वाचलं, चष्मा काढला, आणि म्हणाल्या, “हे घेऊन तू इथे काय करतेस? अर्ज कर.” मला वाटलं, चेष्टा करताहेत. त्यांनी अभ्यासक्रमाची माहिती छापून माझ्या हातात ठेवली तेव्हा कळलं, त्या खरंच म्हणताहेत.

अर्ज म्हणजे लग्न जमवण्यापेक्षा अवघड प्रकरण निघालं. एक पूर्ण नाटक, एक छोटं, तुम्हाला हे का शिकायचंय यावर निबंध, आणि दोन शिफारसपत्रं. माळ्यावरून पदवीचं प्रमाणपत्र काढलं तर सोबतच्या फोटोतली मुलगी तुझ्यापेक्षा लहान! निबंधाचा पहिला खर्डा नटीबाईंनी परत दिला. म्हणाल्या, “हा अर्ज आहे की श्रद्धांजली?” खरंच होतं. पानभर बाबाच होते. त्यांचं खोकणं, त्यांचं मागच्या सीटवर बसून मला गाडी शिकवणं, स्वतःला साधी सायकल येत नसताना. मी सगळं खोडलं आणि पुन्हा लिहिलं. एक शिफारस नटीबाईंची, पण दुसरी कुणाची आणायची? शेवटी आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांना विचारलं. तुला माहीत आहेत ना ते, पाच शब्दांत दिवस काढणारे. त्यांनी लिहिलं, “या बाई समोरचा माणूस चुकणार हे त्याच्या आधी ओळखतात, पण अगदी वेळ येईपर्यंत ब्रेक दाबत नाहीत. नाटकाला याचा उपयोग होतो की नाही, मला माहीत नाही.” वाचून मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, उद्याच्या शिकवण्या वाढवून दिल्या असत्या त्यांनी.

मुलाखतीचं बोलावणं आलं त्या आठवड्यात मी तुला प्रत्येक फोनवर सांगायला गेले आणि प्रत्येक वेळी “हो, जेवले” म्हणून फोन ठेवला. मिळालं नाही तर तू माझी समजूत घालत बसणार, आणि माझी समजूत घालणं हे तुझ्यामागे आधीच पुष्कळ झालंय.

गेले तिथे. लांबलचक व्हरांडा, भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली पोरं, सगळ्यांच्या अंगात काळे कपडे. मी आपली निळ्या साडीत, खांद्याला पर्स. दारावरचा कारकून माझ्याकडे न बघताच म्हणाला, “पालकांनी खालच्या खोलीत बसायचं.” आणि हस हवं तर, पण मी मुकाट्याने खाली जाऊन बसले! तिथे चहा होता, बिस्किटं होती, आणि मुलीच्या काळजीने अर्धमेले झालेले एक गृहस्थ होते. त्यांना धीर देता देता मी माझी मुलाखत विसरले. ते विचारतात, “तुमचं कोण आलंय?” आणि मी सांगते, “मीच.” त्यांच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. तेवढ्यात वरून माझ्या नावाचा पुकारा झाला आणि मी जिन्यावरून धावत सुटले. ते गृहस्थ मागून ओरडले, “ताई, सावकाश! ऑल द बेस्ट!”

आत तिघं होते. विभागप्रमुख, गोल चेहऱ्याचे, सारखे मान डोलावणारे. एक तरुण नाटककार, बोटांत पेन फिरवणारा. आणि मधोमध आखूड पांढऱ्या केसांच्या दिग्दर्शिका, ज्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. विभागप्रमुखांनी विचारलं, आताच का? मी म्हटलं, “इतकी वर्षं मी शेजारच्या सीटवर बसत होते, आता स्टिअरिंग हातात घ्यायचंय.” दोघं खूश होऊन हसले. दिग्दर्शिका म्हणाल्या, “हे वाक्य घरून पाठ करून आणलंत ना?” मी म्हटलं, हो. त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या, आणि माझा जीव भांड्यात पडला.

पण तो फार वेळ भांड्यात राहिला नाही. त्यांनी माझं नाटक उघडलं. म्हणाल्या, “बाई उत्तम, शिकवणारी उत्तम. ही फोनवरची मुलगी मात्र खोटी आहे. दर वेळी तेच प्रश्न विचारते, प्रेक्षक हसतात, बाई फोन ठेवतात. ही माणूस आहे की गजर? या मुलीला काय हवंय?” मी म्हटलं, तिला आईची काळजी आहे. त्या म्हणाल्या, “ते ती करते. हवंय काय?” मी माझ्या प्रतीतले फोन एकेक करून चाळले. लवंगी, त्यात ते कुठेच नव्हतं. पेन फिरवणारा थांबला. वाटलं, झालं, घरी चला. पण त्यांनी मला बाजूच्या खोलीत बसवलं. म्हणाल्या, “फोन वाजतोय आणि आई उचलत नाहीय. गाडीतलं नको, मुलीच्या बाजूचं एक पान लिहा. अर्ध्या तासाने आणा.”

खोलीत एक टेबल, एक खुर्ची आणि खिडकीबाहेर कुणीतरी व्हायोलिनचे सूर लावत होतं. सुरुवातीला हात चालेना. मग मी त्या मुलीला तुझं काम दिलं. संग्रहालयातली खोली, समोर जुनं चित्र, हातात मोजे, कापसाच्या बोळ्याने एकेक बोटभर जागा साफ करणारी ती. जेवणाची सुट्टी होते, सगळे उठतात, ती मोजे काढून फोन लावते. आई उचलत नाही. पुन्हा लावते. आणि नुसत्या वाजणाऱ्या फोनशीच बोलायला लागते. “आई, उचल ना. आज बसमध्ये मागे कुणीतरी बाबांसारखं खोकलं. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर ते दुसरंच कुणीतरी निघालं असतं. माझा थांबा गेला, पुढचाही गेला, तो माणूस उतरेपर्यंत मी बसून राहिले. हे मी कुणाला सांगू? तुला सांगितलं तर तू रडशील. म्हणून विचारते, जेवलीस का.”

हे मला कुणी सांगितलं? कुणीच नाही. असं काही घडलंय का, मला ठाऊक नाही. पण लिहिताना पेन थांबलं नाही, आणि लिहून झाल्यावर कळलं की गेली दोन वर्षं तू मला विचारतेस आणि मी उत्तरं देते, पण मी तुला एकदाही विचारलेलं नाही. नवरा माझा गेला म्हणून सगळे मलाच भेटायला आले. तुझेही बाबा गेले होते.

ते पान मी उभी राहून वाचलं. शेवटी आवाज फाटला. दिग्दर्शिकांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि म्हणाल्या, “आता हे नाटक तिघींचं झालं. काम पुष्कळ आहे, पण झालं.” बाहेर आल्यावर ते खालचे गृहस्थ जिन्यात लेकीसोबत उभे होते. तिचीही मुलाखत झाली होती. त्या पोरीने अनोळखी असून मला मिठी मारली.

आणि सोमवारी निकाल. भर दुपारी, बाजारपेठेत, शेजारी गाडी शिकायला नव्याने आलेली एक दंतवैद्य, डॉक्टरीण बरं का, स्टिअरिंगला बुडत्या माणसासारखी धरून. फोनवर मेसेज आला, मी वाचला आणि किंचाळले. तिने करकचून ब्रेक मारला, गाडी बंद, मागे रांग. रडवेली होऊन म्हणते, “मॅडम, माझं काय चुकलं?” मी म्हटलं, “काही नाही गं, मी पास झाले!” तिला काय कळलं कोण जाणे, पण ती टाळ्या वाजवायला लागली, आणि मागचे हॉर्नवर हॉर्न. एवढा सुंदर गोंगाट मी जन्मात ऐकला नव्हता.

आता तुझ्या चौथ्या प्रश्नाकडे येते. हे पत्र त्याच्यासाठीच लिहायला घेतलं. आई एकटी आहे म्हणून नोकरी सोडून परत येते, महिनाअखेर राजीनामा देते, असं तू म्हणालीस, आणि मी “बघू” म्हणून फोन ठेवला. मनातून आनंद झाला होता मला, खोटं कशाला बोलू. पण आता सांगते. माझ्यासाठी येऊ नकोस. तुझी खोली मी आवरलेली नाही, आवरणारही नाही. पुढच्या महिन्यात या घराला कुलूप लागतंय. मी वसतिगृहात असेन, तुझ्याहून लहान मुलीबरोबर एका खोलीत, आणि कडी तीच लावेल. तुला स्वतःला परत यावंसं वाटत असेल, तिथे करमत नसेल, तर एका शब्दाने सांग. किल्ली शेजारच्या मावशींकडे आहे, घर तुझंच आहे, मी दर सुट्टीला येईन. पण ते काम तुझ्या जिवाचं आहे हे मला माहीत आहे, आणि आईच्या काळजीने ते सोडलंस तर उद्या मी एक ओळ लिहू शकणार नाही. राजीनामा दिला नसशील तर देऊ नकोस. दिला असशील तर सकाळी जा आणि परत माग, लाजू नकोस. मग मला फोन कर. या वेळी प्रश्न मी विचारीन. तू कशी आहेस, लवंगी? खरं सांगायचं, आणि रडू आलं तर दोघी मिळून रडू. मला आता भरपूर वेळ आहे ऐकायला.

तुझीच, आणि आता पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी,
आई