वरच्या उतारावरची झाडं

मामा,

तुमच्या वरच्या उतारावरच्या कॉफीला धुराचा वास येतो, असं मी कळवलं. माझ्या शब्दावर तुम्ही चाळीस वर्षांची झाडं तोडायला काढलीत.

आज माझ्या कॉफी भाजायच्या यंत्राचं धुराडं उघडलं, तर आत बोटभर काजळी! यंत्र घासून तुमच्या उरलेल्या बिया पुन्हा भाजल्या. मामा, कॉफी मधासारखी निघाली.

फोन उचलणार, तेवढ्यात तुमचाच आला. "भाचेराव, तोंडावर खरं बोललात, बरं झालं!" मागे करवत चालू होती. "हो मामा," एवढंच म्हणालो.

करवत अजून चालू असेल, आणि मी भेकड इथे पत्र लिहीत बसलोय.

तुमचाच,
भाचेराव