चिठ्ठीत निघालेली बाजू

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, पाणीपुरवठा खात्यातील निवृत्त मीटर तपासनीस, विधुर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वखुशीने लिहीत आहे. माझी शुद्ध ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला पहिल्या पानाला टाचला आहे, कारण हे वाचताना कोणीतरी शंका घेणारच. दुसऱ्याचे मृत्युपत्र असते तर मीही घेतली असती. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच तर ते खोटे समजावे आणि दाखवणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे.

चौतीस वर्षे मी लोकांच्या घरी जाऊन मीटर तपासले. आकडा कमी पडावा म्हणून मीटरला लोहचुंबक लावणारा माणूस दारातच चहा विचारतो, हे पहिल्याच वर्षी कळले. तेव्हापासून कोणी माझ्याशी गरजेपेक्षा जास्त आदराने वागला, की मी त्याच्या हाताकडे बघतो. पुढे जे लिहिले आहे ते अशा स्वभावाच्या माणसाने लिहिले आहे, हे लक्षात घेऊन वाचावे.

कलम १. मला पत्नीच्या शेजारी पुरावे. तिला जाऊन आठ महिने झाले. चर्चच्या पाळकांनी माझ्याविषयी तीन वाक्यांहून जास्त बोलू नये. मी स्वतः क्वचितच त्याहून जास्त बोललो. एकदा बोललो, ती हकीकत कलम ४ मध्ये आहे.

पत्नीचे कपाट मी अजून उघडलेले नाही. त्यातले कपडे मुलीने बघावेत आणि तिला वाटेल तसे द्यावेत. चष्मा टेबलावर आहे तिथेच असू द्यावा, घर रिकामे होईपर्यंत.

कलम २. माझे पाने, पक्कड आणि जमिनीखालची गळती ऐकण्याची लोखंडी कांडी माझ्या हाताखाली शिकलेल्या तपासनीस बाईंना द्यावी. कांडीचे एक टोक रस्त्यावर टेकवायचे, दुसरे कानाला लावायचे. हल्ली यंत्रे आली आहेत, पण बाईंचा कान यंत्राहून बरा आहे. खात्यातल्या साहेबांनी कांडी मागितली तर देऊ नये. त्यांनी एकोणीस वर्षांत एकदाही ती कानाला लावली नाही.

कलम ३. बँकेतल्या ठेवी मुलीच्या नावे, तिच्या एकटीच्या खात्यात जमा कराव्यात. जावयाने 'मी करून देतो सगळं, पपा' म्हटले तरी फॉर्म त्याच्या हातात देऊ नये.

कलम ४. पुस्तके. ही शास्त्राभ्यास मंडळाला द्यायची आहेत, पण का आणि कोणत्या अटीवर, हे सांगणे भाग आहे.

दर गुरुवारी पाच वाजता आमच्या पुढच्या खोलीत मंडळ बसते. रोजच्या जगण्यातल्या बऱ्यावाईटाबद्दल पवित्र शास्त्र काय सांगते, यावर चर्चा होते. पूर्वी ज्याचा आवाज मोठा त्याचे म्हणणे खरे ठरायचे, म्हणजे माझ्या मेहुण्याचे. हा माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ, निवृत्त शिक्षक, पण सगळे त्याला हेडमास्तरच म्हणतात. म्हणून पाळकांनी एक पद्धत घालून दिली. प्रश्न नाव न लिहिता पेटीत टाकायचा. दोघांनी सात-सात मिनिटे बोलायचे. दोघांची मते वेगळी असतील तर आपापले मत मांडायचे. मत एकच असेल तर आतल्या बोळात जाऊन बिस्किटांच्या डब्यातून 'होय' आणि 'नाही' अशा चिठ्ठ्या काढायच्या आणि जी निघेल ती बाजू मनापासून मांडायची. चिठ्ठ्या निघाल्या की नाही, हे ऐकणाऱ्यांना कधीच सांगायचे नाही. म्हणजे त्यांनी माणूस न बघता मुद्दा बघावा. पद्धत आम्हाला फार हुशारीची वाटली होती.

अकरा वर्षांपूर्वी मुलगी अचानक माहेरी आली. तिच्या लग्नाला तेव्हा तीन वर्षे झाली होती. मनगटाला पट्टी होती. बाथरूममध्ये घसरले, म्हणाली. घसरणारा माणूस हात टेकतो, त्याचा तळवा खरचटतो. मनगटावर चार बोटांचे ठसे उठत नाहीत. पट्टी बदलताना मी ते पाहिले, पत्नीनेही पाहिले. आम्ही एकमेकांना काही विचारले नाही आणि तिलाही विचारले नाही. मी अख्ख्या गावाच्या मीटरवर संशय घेणारा माणूस, घरात मात्र गप्प बसलो.

तिसऱ्या गुरुवारी पेटीतून प्रश्न निघाला: 'नवरा हात उचलत असेल तर शास्त्राप्रमाणे बायकोने घर सोडावे का?' पाळी माझी आणि हेडमास्तरची होती. बोळात मी म्हणालो, "सोडावं." तो म्हणाला, "माझंही तेच मत, दाजी." मत एक, म्हणजे चिठ्ठ्या. डबा त्याच्या हातात होता. मला 'नाही' निघाली.

मी उभा राहिलो. मलाखीच्या पुस्तकातून वाचले, की घटस्फोटाचा देवाला तिटकारा आहे. मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायातून वाचले, की देवाने जोडलेले माणसाने तोडू नये. पेत्राच्या पत्रातून पत्नीने पतीच्या अधीन असावे हे वाचले. एकावर एक मुद्दा नीट लावला, वरिष्ठांना अहवाल द्यावा तसा. खोटे कशाला लिहू, मला बरे वाटत होते. इतकी माणसे माझे ऐकत आहेत, असे पहिल्यांदाच होत होते. पत्नी घड्याळ लावून बसली होती. मी पूर्ण सात मिनिटे बोललो. हेडमास्तर, ज्याला शाळेत घंटा झाली तरी थांबवावे लागायचे, चार मिनिटांत खाली बसला.

मुलगी मागच्या खोलीत इस्त्री करत होती. दार उघडे होते.

सकाळी तिची बॅग भरलेली होती.

"निघालीस?" मी विचारले.

"हो. झाले की तीन आठवडे."

"हात?"

"बरा आहे, पपा."

पुढची अकरा वर्षे ती तिथेच राहिली. जावयाचे औषधांचे दुकान आहे. गिऱ्हाइकांना तो देवमाणूस वाटतो. त्यांना मूल नाही, त्याचेही बोल तिलाच ऐकावे लागले.

गेल्या वर्षी पत्नी दवाखान्यात असताना एका दुपारी मला म्हणाली, "अहो, तो पेटीतला प्रश्न पोरीचा होता. पेन माझ्याकडूनच घेऊन गेली होती."

मी विचारले, "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं ठासून बोललात. मला वाटलं, तुमचं मतच ते आहे. लेकीला ठेवून घ्यायचं तर तुमच्याशी भांडावं लागलं असतं." मग म्हणाली, "भांडायला हवं होतं."

मी तिला चिठ्ठीचे सांगितले. तिने डोळे मिटून घेतले. झोपली की माझ्याकडे बघायचे नव्हते, हे मला आजही माहीत नाही.

ती गेल्यावर मी हेडमास्तरला गाठले. म्हणालो, "स्थळ तू आणलं होतंस. डबा तुझ्या हातात होता. आणि तू चारच मिनिटं बोललास."

"दाजी, लोकांच्या नळाखाली वाकून बघता तसं माझ्या मनाखाली बघू नका."

"चार मिनिटंच का?"

"स्थळ मी आणलं होतं म्हणूनच. पोरीचा हात मीही पाहिला होता. तोंडातून शब्द फुटेना." मग त्याच्यातला मास्तर जागा झाला. "आणि तुम्ही? तुम्हाला कोणी सांगितलं होतं इतकं चांगलं बोलायला?"

तो खरे बोलला असेल. नसेलही. मनाला मीटर नसतो. माझा संशय मी इथे नोंदवून ठेवतो, आणि त्याचा शेवटचा प्रश्नही.

त्यानंतर मी तीच वचने पुन्हा काढली. मलाखीतले ते वाक्य मी वाचले तिथे संपत नाही. त्याच दमात जुलूम अंगावर पांघरणाऱ्या पुरुषाविषयी लिहिले आहे. माझ्याकडच्या पाच भाषांतरांत शब्द वेगवेगळे आहेत, पण जुलूम पाचही ठिकाणी आहे. मी अर्ध्या वाक्यावर थांबलो होतो. मत्तयात प्रश्न विचारायला पुरुष आले होते, वाटेल त्या कारणाने बायकोला हाकलता येईल का म्हणून. येशूच्या उत्तराने त्या पुरुषांचा हात रोखला होता. तेच उत्तर मी बाईला कोंडायला वापरले. पेत्राच्या त्याच अध्यायात थोडे खाली पतींनी पत्नीला मान द्यावा असे लिहिले आहे. तेवढे खाली मी गेलोच नाही.

हे मी मंडळात मांडले तेव्हा हेडमास्तर म्हणाला, "प्रत्येक वचनाला 'कोणाला सांगितलं, कशासाठी सांगितलं' विचारत बसलो, तर उद्या जो तो आपल्या सोयीचा अर्थ काढेल." त्याचे म्हणणे मला खोडता आले नाही. सोयीचा अर्थ काढणारी माणसे मलाही माहीत आहेत. म्हणून मी एवढेच ठरवले आहे, की कोणी अर्थ सांगू लागला की त्याला त्यातून काय मिळते आणि ओझे कोणाच्या डोक्यावर जाते, हे आधी बघायचे. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या गुरुवारी मला शाबासकी मिळाली. पाळकांनी पाठ थोपटली. ओझे घेऊन मुलगी सकाळच्या बसने गेली.

सबब, माझी सर्व पुस्तके मंडळाला द्यावीत, पण दोन अटींवर. वचन वाचणाऱ्याने वाक्य संपेपर्यंत वाचावे. आणि ज्या प्रश्नामागे जिवंत माणूस असू शकतो, त्यावर चिठ्ठ्या काढू नयेत. अटी मान्य नसतील तर पुस्तके रद्दीत घालावीत.

कलम ५. राहते घर, तळमजला व वरचा मजला. माझ्या पश्चात हे घर माझ्या मुलीला मिळावे, ~~मात्र तिने पतीचे घर कायमचे सोडले असेल तरच. अन्यथा घर चर्चच्या मंडळीच्या ताब्यात जावे.~~

वरील ओळ मी खोडली आहे आणि बाजूला सही केली आहे. वकील म्हणाले, नवीन प्रत करू. मी नको म्हणालो. काय लिहिले होते ते वाचता यावे, म्हणून एकच रेघ मारली आहे.

ती अट मी जावयामुळे घातली होती. मागच्या वर्षी तो आला, माझ्या रक्तदाबाची चौकशी करत पुढच्या खोलीत येरझारा घालत होता. भिंतीपासून भिंतीपर्यंत सारखी पावले टाकत होता. असे चालणारा माणूस मोजत असतो. घर त्याच्या घशात जाऊ नये, एवढाच माझा विचार होता. म्हणजे मला तसे वाटत होते.

गेल्या रविवारी मी कच्ची प्रत मुलीला वाचायला दिली. कलम ४ तिने दोनदा वाचले. चिठ्ठीचे तिला तेव्हाच कळले.

"म्हणजे ते तुमचं मत नव्हतं."

"नव्हतं."

"आणि हे? की यातही चिठ्ठ्या निघाल्यात?"

"हे माझं आहे."

"तेव्हाही मला असंच वाटलं होतं, पपा." तिने पान उलटले, कलम ५ वाचले आणि कागद टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही. "तेव्हा वचन दाखवून पाठवलंत. आता घर दाखवून बोलावताय. मी कधी ठरवायचं?"

मी पेन घेतले.

आता कलम ५ असे वाचावे: घर मुलीचे. ती नवऱ्याकडे राहिली तरी तिचे, न राहिली तरी तिचे. विकले, भाड्याने दिले, त्याच्या नावावर करून दिले तरी कोणी हरकत घेऊ नये. हे शेवटचे लिहिताना माझा हात अडला, म्हणून मुद्दाम लिहिले आहे. जावयाबद्दलचा माझा संशय कायम आहे. तो मुलीच्या गळ्यात बांधून जाण्याचा मला हक्क नाही. वरचा मजला मी सोमवारीच रिकामा केला आहे. माझ्या मरणाची वाट बघायची तिला गरज नाही.

इथे मृत्युपत्र संपले होते. सह्या आज व्हायच्या होत्या. पण काल गुरुवार होता, आणि कालचे लिहिल्याशिवाय सही करणे मला बरोबर वाटत नाही.

काल पाचला मंडळ बसले तेव्हा मुलगी आली. तिने पेटीत काही टाकले नाही. उभी राहून म्हणाली, "नवरा हात उचलत असेल तर बायकोनं काय करावं? प्रश्न माझा आहे. अकरा वर्षांपूर्वीचाही माझाच होता." हेडमास्तर सवयीने डब्याकडे वळला.

"मामा, राहू द्या. मला माझी बाजू माहीत आहे."

ती बोलली. मलाखीचे वाक्य तिने शेवटपर्यंत वाचले. मनगट, बरगडी, बंद दुकानातली एक दुपार, सगळे तारखांसह सांगितले. ती किती वेळ बोलली ते माहीत नाही. घड्याळ लावणारी आता नाही आणि दुसऱ्या कोणाला लावावेसे वाटले नाही. पाळक म्हणाले, "बाई, घाईनं काही..." हेडमास्तरने त्यांचा हात दाबला. नंतर तो पुढच्या पायरीवर एकटाच बसून होता.

रात्री ती वर झोपली. आज सकाळी म्हणाली, सामान आणायला जाते. थोड्या दिवसांसाठी की कायमचे, हे तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही. मी फक्त विचारले, "सोबत येऊ?"

ती चपला घालत म्हणाली, "या. पण तिथे बोलू नका."

ती चपला घालून दारात उभी आहे. दहाची बस आहे. वाट वाकडी करून दोन्ही साक्षीदार वेळेवर आले, त्यांचा मी आभारी आहे. अक्षर घाईचे आहे, शुद्ध पूर्ण आहे. हे सर्व मी लिहिले, वाचले, आणि माझे म्हणून सही केली.

लिहून ठेवणार: (सही) निवृत्त मीटर तपासनीस

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली:

साक्षीदार १: (सही) दाखला देणारे डॉक्टर

साक्षीदार २: (सही) मेहुणे, निवृत्त शिक्षक. सही करण्यापूर्वी यांनी कलम ४ पूर्ण वाचले व एकही शब्द बदलण्यास सांगितले नाही.

ठिकाण: राहते घर, तळमजला, पुढची खोली
दिनांक: शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे