कडक भाकरीवरचा आळ

शुक्रवार पेठ, सोलापूर
जून २०२१

तीर्थस्वरूप दानम्माक्कास,

प्रभुलिंगचे शरणु शरणार्थी. तुझे गुडघे, म्हैस आणि बसलिंगप्पा भावोजी (याच क्रमानं) कसे आहेत ते कळव. भावोजीही कोरोनातून उठून घरी आले, बरं वाटलं.

फोनवर मी तुझ्या कडक भाकरीला नावं ठेवली, ती परत घेतो. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा साखर वाढलेली, तोंडाला चव नाही, तरी तू मंद्रूपहून पाठवलेल्या भाकऱ्या शेंगा चटणीबरोबर मोडून खात होतो. (मऊ भाकरी आजाऱ्यानं खायची, आणि मी बरा झालोय हे पेठेला दाखवायचं होतं.) थोड्याच दिवसांत वरची दाढ हलायला लागली. दोष भाकरीचा, म्हणजे तुझा, असं मी ठरवून टाकलं. नाकातून काळपट येत होतं, त्याचा दोष चुलीच्या धुराला दिला. आमच्याकडं गॅस आहे हे नंतर आठवलं.

तुझ्या भावजयीनं, भुवनेश्वरीनं, दाढेत लवंग धरायला दिली. ती झोंबली नाही, तेव्हा मी वाण्याच्या नावानं बोटं मोडली. मग तिनं गाल शेकायला घेतला. मी डोळे मिटून वाट पाहिली आणि शेवटी विचारलं, फडकं कधी लावणार. ती म्हणाली, "आवं, कवाच लावलंय की." गाल लालभडक झाला होता आणि मला पत्ताच नव्हता. ती तशीच मला दवाखान्यात घेऊन गेली. (सदरा उलटा आहे, हे वाटेत सगळ्यांनी सांगितलं.) डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घातली, तर बुरशी निघाली. कोरोनानंतर, त्यात साखर असली की, ती नाकात शिरते आणि डोळ्याकडं सरकते म्हणे. ऑपरेशनात दाढा आणि जबड्याचा तुकडा गेला. डोळा वाचला, तो लवकर आलो म्हणून. लई घाबरलो होतो, अक्का.

आता पेज पितो आणि भाकरीकडं नुसता बघतो.

तुझा धाकटा,
प्रभुलिंग

ता. क. भाकऱ्या पाठवू नकोस.

पुन्हा ता. क. तुमच्याकडं फोन भावोजी उचलतात, पत्रही तेच फोडतात. पण सही दिसली की ते पत्र खाली ठेवतात, म्हणून खरं इथं लिहितो. काल ते हसत सांगत होते, दाढी करताना गाल कापला, रक्त दिसेपर्यंत कळलंच नाही. त्यांनाही साखर आहे. पत्र घेऊन आलेल्या टेम्पोला दारात थांबायला सांगितलंय, त्यांना आत्ताच त्यात बसव. कशाला म्हणाले तर सांग, प्रभ्याला भाकरी चावत नाही, ती संपवायला बोलावलंय.