विश्वासार्ह ब्लॉगच्या शोधात

३ जून
प्रबंधाला आजपासून खरी सुरुवात. विषय : वृद्धांचा एकटेपणा. आधीच्या सुरुवाती धरायच्या नाहीत. गाइडबाई म्हणाल्या, लोक स्वतःबद्दल काय लिहितात ते बघा. ब्लॉग वाचा, पण पारखून घ्या. मी म्हटलं, पारख हाच माझा प्रांत. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

४ जून
ब्लॉग शोधायची तीन टूल्स उघडली. पहिलं बंद पडलेलं. दुसऱ्यात 'एकटेपणा' टाकलं तर पलंगांच्या जाहिराती. तिसरं बरं आहे, तारीख लावून शोधता येतं. बाबांच्या खोलीतून सारखी टकटक. जुना कॉम्प्युटर त्यांना देऊन मीच पायावर धोंडा पाडून घेतला. दार लावून घेतलं. माझं.

७ जून
निकष ठरवले. लिहिणारा कोण? त्याला विषयाचं कळतं कसं? काही विकतोय का? शेवटचं कधी लिहिलं? तक्ता करून भिंतीवर लावला. सकाळ रंगीत पेनं आणण्यात गेली, पण तक्ता दृष्ट लागेल असा झालाय.

९ जून
ढीगभर ब्लॉग बाद. एक आजोबा गुडघ्यांचं तेल विकतात. एका आजींचं सगळं नातच लिहिते. चार ब्लॉगवर एकच परिच्छेद, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. म्हणजे साक्षीदार चार नाहीत, एकच! हे फक्त माझ्याच लक्षात येऊ शकतं. बायकोला सांगितलं. ही म्हणाली, बाबांचा चष्मा दुरुस्तीला टाकायचा होता, त्याचं काय झालं? उद्या.

१२ जून
सापडला! ब्लॉगचं नाव 'मागची खोली'. लेखक निनावी, विधुर, मुलासुनेकडे राहतात. विकत काही नाहीत. नेमाने लिहितात. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधून वाचतात म्हणे. तपशील किती जिवंत! पुढे लिहिलंय, "मुलगा दिवसभर घरातच असतो. माझ्याशी बोलायला वेळ नाही. म्हाताऱ्यांच्या एकटेपणाचा अभ्यास करतोय." असेही मुलगे असतात. लाल पेनाने अधोरेखित.

१५ जून
त्यांना ईमेल करून मुलाखत मागितली. लगेच उत्तर : "कधीही ये. मी घरीच असतो." पत्ता दिलाच नाही. 'ये' जरा खटकलं. वयामुळे होत असेल. पुन्हा पत्ता मागितला. थोड्या वेळाने बाबांनी दार वाजवलं, वेळ आहे का म्हणाले. म्हटलं, एका महत्त्वाच्या उत्तराची वाट बघतोय. बरं म्हणाले.

१८ जून
ताई येऊन बाबांना तिच्या घरी घेऊन गेली. निघताना बाबा दारातून काहीतरी म्हणाले. मी हो म्हटलं. ताई माझ्याशी बोलली नाही, प्रवासाने दमली असेल. घर शांत. आता काम झपाट्याने.

२० जून
काम झालं नाही. 'मागची खोली'वर नवीन मजकूर : "लेकीकडे आलो. इथे सगळे फार बोलतात, लिहायला फुरसत नाही. आता हे बंद." हिला वाचून दाखवलं. म्हटलं, योगायोग बघ. हिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, अहो, ते बाबाच आहेत.
म्हटलं, तपासून बघावं लागेल. ही स्वयंपाकघरात निघून गेली.
तपासलं.

२१ जून
गाइडबाईंना फोन. म्हणाल्या, सख्खे वडील? मग हे लिखाण वापरता येणार नाही, तुम्हाला अलिप्त राहता येईल का? म्हटलं, त्याची अडचण नाही. बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला.

२२ जून
ताईला फोन केला. बाबा बाहेर गेलेत म्हणाली. मागे बाबांचं हसू ऐकू येत होतं. दुपारी पुन्हा केला. बाहेरच होते.
शेवटी ब्लॉगवर प्रतिक्रिया टाकली. आधी 'आदरणीय महोदय' लिहिलं, खोडलं. मग लिहिलं, "बाबा, मी आहे."
पडद्यावर आलं : लेखकाने मान्यता दिल्यावर आपली प्रतिक्रिया दिसेल.
संध्याकाळी उघडून बघितलं. तेच आलं.