शेऱ्याचा रकाना

प्रिय ठमाकाकू,

तिशी ओलांडलीस तरी लहानपणी ठेवलेले हे लाडाचे नाव माझ्या तोंडून सुटत नाही, त्याला माझा इलाज नाही. हे फोनवरही सांगता आले असते; परंतु फोनवर तू मध्ये बोलतेस, मग मी निम्मेच सांगतो आणि तुझ्या तब्येतीची चौकशी करून फोन ठेवून देतो. गेल्या दोन महिन्यांत असे सात वेळा झाले, म्हणून आज कागद घेतला. तुझी आई बरी आहे. तिच्या मते मी बरा नाही. जेवताना घास मोजत बसता, असे ती म्हणते. मला आजार नाही, थकवा आहे. छप्पन्नाव्या वर्षी, निवृत्तीला वीस महिने उरले असताना, जिना चढून पतसंस्थेच्या शाखेचे कुलूप काढले की आधी खुर्चीत बसावेसे वाटते, एवढेच.

आधी चांगले सांगतो, कारण ते खरे आहे. तू बनवलेली संगणक प्रणाली येण्यापूर्वी कर्जाचा अर्ज मुख्य कार्यालयात जाऊन परत यायला तेवीस दिवस लागत. आता चौथ्या दिवशी रक्कम खात्यावर असते. टेकडीपलीकडच्या ज्या अकरा वाड्यांवर आमचा माणूस वर्षातून दोनदा कसाबसा पोचत असे, तिथे आता वसुलीवाली ताई दर आठवड्याला टॅबलेट घेऊन जाते. बायका अंगठा टेकवतात, हप्ता जमा होतो, पावती त्यांच्या फोनवर येते. ताई परवा सांगत होती, की बायका तिला विचारतात, "तुझा साहेब आहे का गं अजून, की त्यालाही त्या पाटीत भरला?" मी हसलो. मग बराच वेळ मला तेच आठवत राहिले.

प्रणाली सुरू झाली त्या कार्यक्रमात तू व्यासपीठावरून म्हणालीस, की अडतीस शाखांपैकी एकाच शाखेच्या जुन्या वह्या विश्वास ठेवण्याजोग्या निघाल्या. कोणाला कर्ज द्यावे आणि कोणाला नाही, हे यंत्राला त्याच वह्यांवरून शिकवले. आणि त्या लिहिणारा माणूस माझा बाप आहे, असेही तू म्हणालीस. टाळ्या झाल्या. तुझ्या आईने सगळ्यांदेखत माझा हात धरला. इतका ताठ मी माझ्या लग्नातही उभा राहिलो नव्हतो.

आता त्या वह्यांविषयी. आमचा जुना नियम तुला ठाऊक आहे: जिची सही, तिचाच भरणा. नियम वाईट नव्हता. नवऱ्याने किंवा सावकाराने परस्पर हप्ता भरून बाईला आपल्या मुठीत ठेवू नये, म्हणून तो होता. परंतु कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस असे, कोणाला मजुरीचा दिवस बुडवता येत नसे; अशी बाई बैठकीच्या दिवशी शेजारणीकडे हप्ता पाठवी. इतर शाखांत तिच्या नावापुढे कोणीही सही ठोकून मोकळा होई. मी तसे एकदाही केले नाही. रक्कम तिजोरीत ठेवायचो, आणि बाई पाच-सहा दिवसांनी येऊन ज्या तारखेला सही करी, त्या तारखेला भरणा दाखवायचो. खरी गोष्ट शेवटच्या रकान्यात, शेऱ्यात: "रक्कम शेजारणीहस्ते, वेळेवर." वही वाचणाऱ्या माणसाला दोन्ही एकदम दिसत असे.

वह्या संगणकात भरायला तुमच्याकडच्या दोन मुली आल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांतल्या एकीने विचारले, "सर, हा शेवटचा रकाना पण टाइप करायचा का? अक्षर फार बारीक आहे." मी म्हणालो, शेरा म्हणजे नोंद नव्हे, सोडून द्या. अठरा दिवसांचे काम अकरा दिवसांत उरकले. प्रमाणपत्रावर मी सही केली: सर्व नोंदी पूर्ण व बिनचूक. मागाहून तू नियम विचारलास तेव्हाही मीच सांगितले, की अंगठा तिचा असेल तरच भरणा तिचा.

दोन महिन्यांपूर्वी शाखेत शिवणवाली आली. अकरा वर्षांत सहा कर्जे घेतली आणि फेडली. सासू नऊ वर्षे अंथरुणावर, त्यामुळे तेव्हापासून हप्ता शेजारणीच्या हातून. शाळेच्या तीनशे चाळीस गणवेशांचे काम तिला मिळत होते. त्यासाठी मोटारीवर चालणारे शिवणयंत्र हवे होते. पडद्यावर तिच्या नावापुढे लाल रंग आला: सतत उशिरा भरणारी, कर्ज देऊ नये. तिने पडदा पाहिला, मग माझ्याकडे पाहिले. म्हणाली, "साहेब, अकरा वर्षं तुम्हीच पैसे मोजून घेतले. मी उशिरा आले असेन. माझा पैसा कधी उशिरा आला?" मी माझ्या पगारातून रक्कम देऊ केली, तर तिने पदर सावरला आणि म्हणाली, "तुमचे घेतले तर मी बुडवी ठरले ते कायमचं. मला दान नको, माझं नाव धुऊन द्या." ती गेल्यावर वसुलीवाली ताई मला म्हणाली, "सर, यंत्राला काय बोलायचं? ते तुमच्यासारखंच वागतंय." तिच्या मनात टोमणा नव्हता, म्हणून तो जास्त लागला. गणवेशांचे काम दुसरीकडे गेले.

त्यानंतर मी रोज काम संपल्यावर जुन्या वह्या उघडून बसलो आणि शेरे उतरवून काढले. माझ्या एकट्या शाखेत अशा एकसष्ट बायका निघाल्या. उरलेल्या सदतीस शाखांत यंत्र माझ्याच तारखांनी शिकून माणसे तोलत आहे. तिथे गेल्या सहा महिन्यांत सोळाशे अर्ज लाल झाले. त्यांतले खरे बुडवे किती आणि माझ्या हाताने झालेले किती, हे मला सांगता येत नाही. एखादा आकडा सांगता न येण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे. तुझ्या कामात खोट नाही. तुला जे दिले, त्यातून तू योग्य तेच काढलेस. देणारा मी होतो.

येत्या शुक्रवारी तू प्रणाली दाखवायला बँकवाल्यांपुढे उभी राहणार आहेस आणि त्यानंतर ही प्रणाली आणखी दोनशे शाखांत जाणार आहे, हे मला माहीत आहे. चार वर्षे तू त्यासाठी सुट्टी घेतली नाहीस, हेही. म्हणूनच सात वेळा माझी जीभ रेटली नाही. परंतु गुरुवारी सकाळी दहा वाजता मी मुख्य कार्यालयात जाऊन माझे प्रमाणपत्र लेखी मागे घेणार आहे, एकसष्ट नावांच्या यादीसह. शुक्रवारचे बहुधा रद्द होईल. शनिवारी टाकलेले पत्र तुला मंगळवारी मिळते. मागची चारही तशीच मिळाली. बापाने केलेली गोष्ट तुला मुख्य कार्यालयातल्या साहेबांकडून कळू नये, यासाठी हे पत्र. आणि ही चूक तूच शोधून काढलीस, तूच आधी सांगितलीस, असे व्हावे असे तुला वाटले, तर मधला बुधवार तुझा आहे. मी दहाच्या आधी तिथे जाणार नाही.

तुझाच,
बाबा